फोटोखालची नावे

स्मरणिका समितीच्या पहिल्या बैठकीत छायाचित्रांचे काम माझ्याकडे आले, ते मला त्यातले काही कळते म्हणून नव्हे. कार्यालयातील लोखंडी कपाटाची किल्ली इतिहासाच्या शिक्षिकेकडे असावी असा आमच्याकडे जुना प्रघात आहे, आणि विद्यालयाचे फोटो त्या कपाटाच्या तळच्या कप्प्यात होते. एक पत्र्याची पेटी, काळ्या कागदाचे दोन अल्बम, निगेटिव्हच्या गुंडाळलेल्या पट्ट्या आणि स्टुडिओचा शिक्का असलेली काही पाकिटे, एवढा तो ऐवज. एका अल्बमला वाळवीने आतून पोखरले होते. वरून मात्र तो धडधाकट दिसत होता. मोजले तेव्हा ३१२ फोटो भरले. पैकी मागच्या बाजूस काही लिहिलेले फोटो अकरा. त्यांतही चारांवर फक्त पाहुण्यांची नावे.

मे महिन्यात वसतिगृह रिकामे असते. ऊन उतरले की सायंकाळी सहाला आम्ही चार शिक्षक संगणक कक्षात जमत असू. संगणकाचे सर स्कॅनर सांभाळीत, विज्ञानाच्या मॅडम मऊ ब्रशने धूळ झाडीत, मराठीचे सर क्रमांक लिहीत, आणि मी प्रत्येक फोटो हातात घेऊन ‘अरे, हा कोण?’ असे म्हणत बसे. मराठीच्या सरांच्या मते काम लांबण्याचे खरे कारण तेच होते. सभागृहातील मोठे समूहफोटो काचेच्या चौकटीत होते. ते काढताना मागचा पुठ्ठा भुगा होऊन हाती येऊ लागला, म्हणून ते भिंतीवरून उतरवून चौकटीसकटच मोबाइलने टिपले. त्यासाठी गूगलचे फोटोस्कॅन नावाचे अ‍ॅप वापरले. ते एकाच फोटोची वेगवेगळ्या कोनांतून छबी घेते आणि काचेवरची चमक पुसून टाकते. हा चमत्कार पाहण्यासाठी पहिल्या दिवशी पहारेकरी दादाही आत येऊन बसले होते.

सगळे फोटो गूगल फोटोजमधील एका सामायिक अल्बममध्ये चढवले आणि आमची फजिती झाली. स्कॅन केलेल्या फोटोला संगणक स्कॅनची तारीख देतो. त्यामुळे पहिल्या तुकडीच्या शिक्षकांपासून ते गेल्या दशकातील स्नेहसंमेलनापर्यंत आमचा सारा इतिहास एकाच मे महिन्यात घडल्यासारखा ओळीने उभा राहिला. तारीख बदलता येते, अवघड काहीच नाही. पण बदलून काय लिहायचे हे कोणाला ठाऊक होते? आमच्या कामातला खरा आनंद सुरू झाला तो येथून.

एक उदाहरण सांगते. शिक्षककक्षाचा एक फोटो आहे. सात जण खुर्च्यांवर, मागे भिंतीवर दिनदर्शिका. स्कॅन मोठा करून पाहिला तर ‘ऑगस्ट’ हे अक्षर लागले. वर्षाचा आकडा नेमका एका सरांच्या डोक्यामागे गेला होता. मात्र १५ तारखेचा लाल चौकोन शनिवारच्या रांगेत होता. पंधरा ऑगस्टला शनिवार आला तो १९८१, १९८७, १९९२ आणि १९९८ साली. फोटोत मध्यभागी बसलेले मुख्याध्यापक १९९५ मध्ये, मी येथे रुजू होण्याच्या दोन वर्षे आधी, निवृत्त झाले. म्हणजे १९९८ बाद. आता उरलेल्या तिघांतून कसे निवडावे? विज्ञानाच्या मॅडमनी कोपऱ्यातील कापडी फलकाकडे बोट दाखवले. त्यावर बाबासाहेबांच्या नावाआधी ‘भारतरत्न’ लिहिलेले होते. हा सन्मान त्यांना मरणोत्तर मिळाला १९९० साली. फोटो १९९२ चा! एम. ए. च्या वर्गात अंतर्गत पुरावा आणि बाह्य पुरावा हे शब्द मी पाठ केले होते. पण त्यांची गोडी त्या रात्री नऊ वाजता, डास मारता मारता कळली. दुसऱ्या दिवशी हाच फोटो मी दहावीच्या जादा तासाला आलेल्या मुलांपुढे ठेवला आणि वर्ष काढायला सांगितले. एका मुलीने फलकावरून तर्क लढवण्याआधीच मोबाइलवर दिनदर्शिका पाहिली नाही ना, याची खात्री मात्र मी करून घेतली.

तर्काने वर्ष निघते, नाव निघत नाही. नावासाठी माणसेच लागतात. म्हणून माजी विद्यार्थी आणि आजी-माजी शिक्षक यांच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहावर दर रविवारी रात्री आठ वाजता एक फोटो टाकायचा असे ठरले. नियम एकच: नाव सांगायचे, आणि नावासोबत त्या व्यक्तीविषयी एक खरी गोष्ट सांगायची. नुसत्या टाळ्या आणि हात जोडलेल्या चित्रांना बंदी. पहिल्या रविवारी तीन उत्तरे आली. चौथ्या रविवारी मध्यरात्रीपर्यंत घोळ चालला, कारण कबड्डीच्या संघातील डावीकडून तिसऱ्या मुलावर दोघांनी हक्क सांगितला होता. दोघेही आता आजोबा आहेत. वाद मिटला तो भोजनगृहाच्या मावशींमुळे.

मावशींविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे. त्यांनी आमच्या भोजनगृहात सत्तावीस वर्षे भाकरी थापल्या. अक्षरओळख नाही, स्मार्टफोन नाही. त्यांची नात त्यांच्यापुढे फोन धरते आणि त्या बोलतात. ते बोलणे नात ध्वनिसंदेश म्हणून समूहावर पाठवते. मावशींची ओळखण्याची रीत त्यांची स्वतःची. “हा तीन भाकरीवाला. याला वरण नुसतं पाहिजे, भात नको. हा रात्री रडे, मंग मी याला चुलीपाशी बसवो.” कबड्डीचा तो मुलगा त्यांनी गुडघ्यावरच्या डागावरून ओळखला, उकळत्या वरणाचे भांडे कलंडले तेव्हा भाजलेला तो डाग. हक्क सांगणाऱ्या दोघांपैकी एकाने लगेच आपल्या गुडघ्याचा ताजा फोटो पाठवला. एवढा हशा त्या समूहावर पूर्वी कधी झाला नसेल. मावशींनी आजवर चाळीसहून अधिक चेहऱ्यांना नावे दिली आहेत. हे सर्व ध्वनिसंदेश आम्ही फोटोच्या क्रमांकासह जपून ठेवले असून माझ्या दृष्टीने या संग्रहातील सर्वांत मोलाचा भाग तोच आहे.

याशिवाय आणखी काही खेळ आम्ही केले. शिक्षकांनी आपापला लहानपणीचा फोटो पाठवायचा आणि मुलांनी ओळखायचा. माझा कोणालाही ओळखता आला नाही. गणिताच्या सरांना मात्र सर्वांनी कानांवरून पकडले. जुन्या फोटोची जागा शोधून, त्याच कोनातून, त्याच रांगेत त्याच माणसांना उभे करून नवा फोटो काढायचा, हाही एक. त्यात कळले की विहाराच्या पायऱ्या सात होत्या, आज पाच दिसतात. दोन मातीच्या भरावात गेल्या. प्रांगणातील बोधिवृक्षाचा दर पौर्णिमेला एकाच दगडावर उभे राहून फोटो काढण्याचे काम आठवीच्या मुलांनी हौसेने पत्करले आहे. बारा फोटो ओळीने सरकवले की फाल्गुनातील पानगळ आणि वैशाखातील तांबूस पालवी डोळ्यांपुढून झरझर जाते. हे सगळे फार सोपे आहे, कोणतेही विद्यालय करू शकेल, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही.

आता जरा गंभीर गोष्टीकडे वळते. फोटोखाली नाव असणे आणि नसणे यात किती अंतर आहे हे इतिहासाच्या विद्यार्थिनीने विसरून चालत नाही. इंग्रज सरकारच्या आश्रयाने १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा छायाचित्रसंग्रह निघाला. त्यात आपल्या देशातील शेकडो माणसे आहेत. पण बहुतेकांच्या खाली व्यक्तीचे नाव नाही, जातीचे किंवा जमातीचे आहे. पुढे १९१६ मध्ये रसेल आणि हिरालाल यांचे मध्य प्रांतातील जातीजमातींवरचे चार खंड आले, म्हणजे थेट आमच्या विदर्भाच्या अंगणातले. तेथेही फोटोंची तीच तऱ्हा. माणूस कॅमेऱ्यापुढे उभा आहे, डोळ्यांत डोळे घालून पाहतो आहे, आणि खाली छापली आहे जात.

याच्या उलट राजगृहावरील १९३४ सालचा तो प्रसिद्ध फोटो आठवावा. बाबासाहेब, माता रमाई, यशवंतराव, लक्ष्मीबाई, मुकुंदराव, सर्वांची नावे आपल्याला ठाऊक आहेत. इतकेच नव्हे, पायाशी असलेल्या कुत्र्याचे नाव टॉबी होते हेही ठाऊक आहे, कारण कोणीतरी ते सांगितले आणि कोणीतरी लिहून ठेवले. त्याच्या पुढच्याच वर्षी, २७ मे १९३५ रोजी, रमाई गेल्या.

हे सारे मी वर्गात अनेकदा शिकवले आहे. तरीही माझ्या हातून चूक झाली, आणि ती येथे लिहिणे मला भाग आहे. एका रविवारी मी ब्लँकेटवाटपाचा एक फोटो समूहावर टाकला. हिवाळा, मंडप, टेबलामागे शहरातून आलेले दाते, आणि टेबलापुढे मुले रांगेत. सर्वांत पुढचा मुलगा दोन्ही हात पसरून ब्लँकेट घेतो आहे, मान खाली आहे. हा फोटो मागे काही लिहिलेल्या अकरांपैकी एक. दात्यांची पाचही नावे, पदांसह, सुवाच्य अक्षरात. मी ती जशीच्या तशी टंकून खाली विचारले, “पुढचा विद्यार्थी कोण, ओळखा पाहू?”

ओळखायला वेळ लागला नाही. पाच मिनिटांत कोणीतरी नाव सांगितले, आणि त्यानंतर दहाव्या मिनिटाला त्या नावाचा माणूस समूहातून बाहेर पडल्याची ओळ पडद्यावर आली. तो आज मोठ्या जबाबदारीच्या पदावर आहे. त्याची मुलेही कदाचित आईवडिलांचा फोन हाताळत असतील. हे मला आधी सुचायला हवे होते. मी त्याला फोन केला. तो रागावला नव्हता, त्यामुळे अधिक लागले. म्हणाला, “मॅडम, ब्लँकेट मिळालं त्याचा आनंदच झाला होता. ऊबदार होतं. पण फोटो निघेपर्यंत ते आमच्या हातात सोडत नव्हते. मान वर करायला सांगत होते, मी केली नाही.” नंतर क्षणभर थांबून, “तुम्ही त्यांची नावं लिहिलीत. आमच्या रांगेचं विचारलंत ते कोडं म्हणून.”

मी फोटो काढून टाकायला गेले तर सर्वांसाठी पुसण्याची मुदत उलटून गेली होती. समूहावर जाहीर क्षमा मागितली आणि ज्यांनी तो उतरवून घेतला असेल त्यांनी पुसावा अशी विनंती केली. किती जणांनी पुसला, हे कळण्याचा मार्ग नाही. ऑनलाइन फोटोचे हेच आहे. भिंतीवरची चौकट उतरवता येते, हे उतरत नाही. तो पुन्हा समूहात आला आहे, दोन महिन्यांनी. पण त्या रविवारी मी खेळ चालवण्याचे काम मराठीच्या सरांकडे दिले ते अजून त्यांच्याकडेच आहे.

त्यानंतर आम्ही काही बंधने स्वतःवर घालून घेतली. दान घेतानाचा फोटो कुठेही टाकायचा नाही, दाते कितीही थोर असोत. ज्याचा फोटो, त्याला आधी विचारायचे. तो हयात नसेल तर घरच्यांना. सध्या शिकत असलेल्या मुलांचे, विशेषतः मुलींच्या वसतिगृहाचे फोटो खुल्या दुव्यावर ठेवायचे नाहीत, कारण दुवा ज्याच्या हाती पडेल त्याला अल्बम उघडता येतो आणि तो कोणाच्या हाती पडेल हे पाठवणाऱ्याच्या ताब्यात राहत नाही. मोबाइलच्या फोटोत जागेचा ठावठिकाणाही नोंदला जातो, म्हणून कॅमेऱ्याच्या सेटिंगमधून तो बंद ठेवायचा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले असून त्यांच्या माहितीच्या वापरासाठी पालकांची पडताळून पाहता येईल अशी संमती मागितली आहे. पालकसभेत आम्ही हे वाचून दाखवले तेव्हा एका आजोबांनी विचारले, “अन् लेकराले विचारता का नाही?” तेही आता विचारतो.

ज्या फोटोसाठी हा लेख लिहायला घेतला त्याच्याकडे आता येते.

वृक्षारोपणाचा एक फोटो. प्रमुख पाहुणे वाकून रोप लावत आहेत, भंतेजी पाणी घालत आहेत, भोवती मुले. रविवारच्या खेळात तो आला तेव्हा पाहुण्यांचे आणि काही मुलांचे नाव निघाले, विषय संपला. सोमवारी पहाटे साडेपाचला फोन वाजला. आमचा एक माजी विद्यार्थी, पुण्याला नोकरीस असतो. म्हणाला, “मॅडम, झोपमोड केली. फोटोच्या उजव्या कोपऱ्यात, फाटकापाशी, डोक्यावर पेटी घेतलेला माणूस आहे. तो चेहरा मोठा करून मिळेल का?”

मी फोनवर दोन बोटांनी चित्र ताणले. फाटक होते, पेटी होती. चेहऱ्याच्या जागी करडे चौकोन. व्हॉट्सअ‍ॅपवरून साध्या रीतीने पाठवलेला फोटो आकसतो, बारकावे गळून पडतात. म्हणून जे जपायचे ते ‘दस्तऐवज’ म्हणून पाठवावे, म्हणजे मूळ फाइल तशीच जाते. हे मला तोवर ऐकून ठाऊक होते, त्याची किंमत ठाऊक नव्हती. सकाळी कपाट उघडून मूळ प्रत काढली. आम्ही सारे फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन केले होते. हा १२०० वर पुन्हा केला. चेहरा फार स्वच्छ आला असे म्हणणार नाही. पण डोळे आले, मिशी आली, पेटीचा भार तोलताना ताणलेली मान आली. दस्तऐवज म्हणून पाठवून दिला. दोन दिवस काही उत्तर नव्हते.

शनिवारी तो आईला घेऊन विद्यालयात आला. पाचवीत त्याला दाखल करायला वडील आले होते तो हा दिवस. एसटी थांब्यापासून पेटी डोक्यावर घेऊन चालत आले, फाटकापाशी पोहोचले तर आत कार्यक्रम सुरू, म्हणून बाहेरच थांबले. तो दहावी झाला त्या वर्षी ते वारले. घरात तथागतांची तसबीर होती, बाबासाहेबांची होती, वडिलांचा फोटो एकही नव्हता. कधी काढलाच नव्हता. त्यांच्या पुण्यानुमोदनाला भिंतीवर काय लावावे हा प्रश्न तेव्हा भावकीत पडला होता, असे तो म्हणाला.

आम्ही संगणकाच्या पडद्यावर फोटो उघडला. आई बराच वेळ पाहत राहिल्या. मला वाटले त्या रडतील. त्या रडल्या नाहीत. पडद्याजवळ जाऊन म्हणाल्या, “हा सदरा त्यायचा नोहे. माह्या भावाचा मागून नेला होता. शाळेत जाचं म्हणून.” मग मुलाकडे वळून, “परत केला होता बरं.”

मुलाने विचारले, स्मरणिकेत फक्त वडिलांचा भाग कापून छापता येईल का? समितीत यावर चर्चा झाली. काहींचे म्हणणे, कापावा, म्हणजे माणूस नीट दिसेल. माझे मत पडले की फोटो अखंड छापावा: पाहुणे, भंतेजी, रोप, मुले, आणि फाटकाबाहेर उभा असलेला तो. आईंना विचारले तर त्यांनी अखंड म्हटले, कारण त्यांना रोपही ओळखीचे वाटले होते. ते रोप म्हणजे आजचे पाणपोईशेजारचे कडुलिंबाचे झाड. या स्मरणिकेत तो फोटो पूर्ण पानभर घेतला आहे आणि त्याखाली उजवीकडून पहिले नाव त्यांचे आहे.

एक व्यावहारिक गोष्ट राहिली. काही माजी विद्यार्थ्यांनी सांगितले की त्यांच्या पहिल्या मेळाव्याचे सगळे फोटो ऑर्कुटवर होते. २०१४ मध्ये ऑर्कुट बंद झाले आणि कोणाकडे प्रत उरली नाही. गूगल फोटोजवरही १ जून २०२१ पासून १५ जीबीच्या मोफत मर्यादेत सारे मोजले जाते. म्हणून आपल्या संग्रहाच्या दोन हार्ड डिस्क केल्या आहेत, एक कार्यालयात आणि एक संस्थेच्या सचिवांकडे. नावांची वही मात्र हाताने लिहिली आहे, शाईने. मराठीच्या सरांचा संगणकावर अद्याप विश्वास बसलेला नाही आणि या बाबतीत मी त्यांच्या बाजूने आहे.

वहीत आजमितीस ९४ फोटोंपुढे जागा कोरी आहे. त्यांपैकी क्रमांक ६१ चा फोटो शेवटच्या पानावर मुद्दाम दिला आहे. मुलींची लेझीम चमू, बहुधा भीमजयंतीची मिरवणूक. दुसऱ्या रांगेत डावीकडून चौथी मुलगी उन्हामुळे डोळ्यांवर हात धरून हसते आहे. मावशींना तिच्या भाकरी आठवतात, दीड. नाव आठवत नाही. कोणाला आठवत असेल तर कार्यालयात कळवावे, आणि ती स्वतःच हे वाचत असेल तर फोटो छापण्यापूर्वी आम्ही तिला विचारू शकलो नाही, याबद्दल तिने माझ्याशी बोलावे.